परभणीचा ०२४५२ आणि मुलाचा अमेरिकन नंबर

प्रश्न असा आहे: "परभणीच्या मोंढ्यात आमची आडत आहे. वडिलांच्या काळापासूनचा ०२४५२ चा फोन अजून चालू आहे, पण तार सारखी तुटते. हा नंबर इंटरनेटवरच्या कॉलिंगला नेता येतो का? दुकानाचा एक मोबाईल नंबरही आहे, तो मी, मुनीमजी आणि धाकटा असे तिघांच्या फोनवर वाजावा असं वाटतं. आणि थोरला आठ वर्षं अमेरिकेत होता, तो दिवाळीला कायमचा घरी येतोय. त्याचा तिथला नंबर जाऊ द्यायचा नाही. एक ओळखीचा म्हणतो, सगळे नंबर एकाच ॲपवर आणता येतात. खरं आहे का?"

काका, खरं नाही. तुमचे तीन नंबर आहेत आणि तिघांचे कायदे तीन तऱ्हेचे. मुलाच्या नंबरपासून सुरुवात करतो, कारण तिथं दिवस मोजलेले आहेत. मोंढ्यातला फोन कुठं पळून जात नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, मुलालाही सांगा: मेलेला नंबर हलत नाही. मी बावीस वर्षं ईपीएबीएक्स (म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज), केबल आणि आता आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरचे फोन, यांच्यात आहे, तरी ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. संभाजीनगरातल्या एका गिऱ्हाइकाचा भाऊ परत यायचा होता. त्याच्या नंबरचा पोर्टचा, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज भरून झाला होता. प्लॅनचे पुढच्या महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून मी शहाणपणा केला, "अर्ज तर गेला, जुनं आजच बंद करून टाका." दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. कारण एका ओळीचं: असं खातं नाही. मग रात्री एक-दीडपर्यंत जागून त्या कंपनीच्या माणसांशी बोलणं, हा विभाग, तो विभाग, पुन्हा पहिल्यापासून. नंबर काही मिळाला नाही. वाचलेले पैसे किती होते ते मी गिऱ्हाइकाला आजवर विचारलेलं नाही.

असं का होतं तेही सांगतो, म्हणजे नुसती ताकीद राहणार नाही. आपण "नंबर नेला" म्हणतो तेव्हा कुठलीही वस्तू हलत नसते. सात-बारावर नाव बदलावं तसं असतं ते. एक मोठी सामायिक नोंदवही असते. कुणी फोन लावला की लावणाऱ्याची कंपनी त्या नोंदवहीत बघते, की हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि कॉल तिकडे पाठवते. पोर्ट म्हणजे त्या वहीतली एक ओळ बदलणं. खातं बंद केलं, की ती ओळच निघून जाते आणि नंबर मूळ मालक कंपनीच्या गाठोड्यात परत पडतो. नवीन कंपनी बिचारी कुणाकडे मागणार? म्हणून जुनं खातं आपल्या हातानं बंद करायचंच नाही. पोर्ट पूर्ण झाला की ते आपोआप बंद होतं.

आता मुलाचा नंबर. अमेरिकन नंबर भारतातल्या कुठल्याही कंपनीकडे आणता येत नाही, आणि आपला ९१ वाला नंबर तिकडच्या सेवेवर जात नाही. नंबर त्या देशाच्या क्रमांक-योजनेचा असतो, देशाबाहेर त्याला बस्तान नाही. पण अमेरिकेतल्याच इंटरनेट कॉलिंग सेवेवर तो ठेवला, तर ती सेवा परभणीत बसून वायफायवर वापरता येते. बहुतेक लोक यासाठी गूगल व्हॉइस घेतात. मोबाईल कंपनीचा नंबर तिथं नेण्याचे २० डॉलर पडतात, एकदाच. लँडलाईनचा किंवा दुसऱ्या इंटरनेट सेवेचा नंबर मात्र गूगल व्हॉइस थेट घेत नाही. तो आधी एखाद्या प्रीपेड मोबाईल कंपनीकडे न्यावा लागतो आणि मग तिथून पुढं. मुलाचा नंबर मोबाईलचाच आहे, म्हणून हा फेरा तुम्हाला नाही.

हे काम त्यानं तिकडं असतानाच उरकायला हवं. विमानात बसायच्या आदल्या रात्री नाही, निदान चार आठवडे आधी. खातं उघडताना त्याच अमेरिकन फोनवर खात्रीचा कोड येतो, आणि वैयक्तिक खातं अमेरिकेत असतानाच उघडायचं असतं; वापरता मग इथूनही येतं. इथं आल्यावर त्या सिमला नेटवर्क मिळेलच असं नाही. मग कोड येणार कुठं?

अर्जात चार गोष्टी जुन्या कंपनीकडे आहेत तशाच्या तशा लागतात: नाव, बिलाचा पत्ता आणि झिप कोड, खाते क्रमांक, आणि नंबर बाहेर नेण्याचा पिन. पोर्ट फेटाळले जातात ते नव्वद टक्के या चौघांपैकी एकाच्या पायी, हा माझा अंदाज. खाते क्रमांकाच्या जागी फोन नंबर लिहिणं ही तर रोजची चूक. मोबाईलचा खाते क्रमांक वेगळा असतो, बिलावर छापलेला. पिनसुद्धा ॲप उघडायचा पिन चालत नाही. नंबर नेण्यासाठीचा वेगळा पिन मागून घ्यावा लागतो, आणि तो थोड्याच दिवसांत बाद होतो, तेव्हा आधीच घेऊन ठेवू नका. शिवाय तिकडं फसवणूक वाढल्यापासून कंपन्यांनी नंबरला कुलूप लावायची सोय केली आहे. त्यानं ते कधी लावलं असेल आणि विसरला असेल, तर आधी काढायला सांगा.

तो मित्रांसोबत किंवा नातेवाइकांसोबत फॅमिली प्लॅनवर असेल, तर खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. नंबर पोराचा, खातं रूममेटचं, असं असलं की अर्जात रूममेटचं नाव घालावं लागतं. आपल्याकडं बिल थकलेलं असलं तर पोर्ट अडतो. तिकडं उलटं आहे, थकबाकीसाठी कंपनीला नंबर अडवून ठेवता येत नाही. फोनचे हप्ते राहिले असतील तर ते नंतर बिलात एकदम येतात. तेवढी तयारी ठेवावी.

मोबाईलवरून गूगल व्हॉइसला नंबर साधारण एका दिवसात जातो. पण जातो तो अर्धा-अर्धा. आधी कॉल नवीन जागी वाजू लागतात, मेसेज मागून येतात, कधी तीन कामाचे दिवस लागतात. या मधल्या काळात ओटीपी पोचेलच याचा भरवसा नाही, जुन्या फोनवर नाही आणि नव्या ॲपवरही नाही. भाड्याची अनामत परत घ्यायची आहे, गाडी विकायची आहे, बँकेतून पैसे पाठवायचे आहेत, असल्या आठवड्यात पोर्ट लावू नये. शुक्रवारीही लावू नये. अडकलं तर त्यांचा शनिवार-रविवार मधे येतो. आणि त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या आपण साडेनऊ ते साडेदहा तास पुढं आहोत. आपल्या दुपारी तिकडं फोन उचलायला कुणी बसलेलं नसतं.

यापुढचं नीट वाचा, कारण पोर्ट करून देणारे हे सांगत नाहीत. इंटरनेट कॉलिंगचा नंबर तिकडच्या पुष्कळ बँकांना खपत नाही. नोंदवहीत तो मोबाईल म्हणून दिसत नाही, आणि मग त्या नंबरवर ओटीपी पाठवायलाच त्या नकार देतात. काही सरकारी साइटचंही तसंच. म्हणजे नंबर वाचला, पण ज्यासाठी वाचवला तेच काम होईना. म्हणून मी लोकांना आधी एक छोटा प्रयोग करायला लावतो. गूगल व्हॉइसवर एक फुकटचा नंबर घ्यायचा, तो आपल्या बँकेत दुसरा नंबर म्हणून जोडून बघायचा आणि ओटीपी मागायचा. आला तर खुशाल पोर्ट करा. नाही आला तर बेत बदला.

मला विचाराल तर तिकडं बँक खातं, निवृत्तीचा फंड, कर भरणं असं काही मागं राहणार असेल, तर मी त्याला इंटरनेट सेवेवर नंबर नेऊच देणार नाही. एखाद्या स्वस्त अमेरिकन प्रीपेड कंपनीकडे नंबर पोर्ट करावा, ई-सिम (फोनच्या आतच बसणारं, कार्ड नसलेलं सिम) घ्यावं आणि वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून फोन आणि मेसेज, चालू ठेवावं. महिन्याला काही डॉलर जातात, पण नंबर मोबाईलचा राहतो आणि परभणीतल्या वायफायवर मेसेज येतात. परदेशातून वायफाय कॉलिंग चालतं का, एवढं त्या कंपनीला आधी विचारायचं. सगळ्यांचं चालत नाही. आणि पैसे न भरता विसरला की संपलं, म्हणून रिचार्ज आपोआप होईल असं लावायचं. नुसते जुने मित्र, कॉलेज, एखादा इंटरव्ह्यू एवढ्यासाठीच नंबर हवा असेल, तर गूगल व्हॉइस पुरेसं आहे. महिन्या-दोन महिन्यांत त्यावरून एखादा कॉल किंवा मेसेज करत राहावा, पडून राहिलेलं खातं बरं नसतं.

उद्या तो परत गेला आणि नंबर व्हॉइसवरून मोबाईल कंपनीकडे न्यायचा झाला, तर तेही होतं. आधी व्हॉइसमध्ये जाऊन नंबरचं कुलूप उघडायचं. बाहेरून आणलेल्या नंबरला ते फुकट, गूगलनं दिलेल्या नंबरला ३ डॉलर. नवीन कंपनी खाते क्रमांक मागेल तिथं तोच दहा आकडी नंबर द्यायचा, आणि पिन म्हणून व्हॉइसमेलचा पिन. व्हॉइसमेलचा पिन कुणी ठरवलेलाच नसतो, म्हणून मग अर्ज परत येतो आणि लोक माझ्याकडे येतात.

कुठलीच सेवा अमर नाही हेही ध्यानात असू द्या. इंटरनेट कॉलिंगमधलं स्काईपसारखं घरोघरचं नाव ५ मे २०२५ ला बंद झालं. ज्यांनी स्काईपवर पैसे भरून नंबर घेतले होते, त्यांना ते वेळेत दुसऱ्या सेवेकडे नेण्याची मुभा होती. सूचनेचे ईमेल न उघडणाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आता दुकानाचा मोबाईल. भारतात पोर्टेबिलिटी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ ला देशभर, आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून, म्हणजे मोबाईल सेवेच्या एका विभागातून, दुसऱ्यात नंबर नेता येऊ लागला. तिचं नावच मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी आहे: एका मोबाईल कंपनीकडून दुसऱ्या मोबाईल कंपनीकडे. नेटवर्क पटत नसेल तर १९०० वर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून नंबर टाकून मेसेज करा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेला हवा, पोस्टपेड असेल तर बिल चुकतं केलेलं हवं. सिम बदलून घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानं सात दिवस थांबावं लागतं. आपल्या सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमधून पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, परभणी महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि न मागता कधी असा कोड तुमच्या फोनवर आला, तर कुणालाही सांगू नका; कुणीतरी तुमचा नंबर पळवायला बघतंय.

पण हा मोबाईल नंबर उचलून कॉलिंग ॲपवाल्याच्या हाती देणं, असं काही होत नाही. क्लाउड टेलिफोनीवाले तुम्हाला स्वतःचा एक नवीन नंबर देतात, तो परवानाधारक कंपनीकडून घेतलेला असतो. तो एकाच वेळी तिघांच्या फोनवर वाजवता येतो, मुनीमजींनी उचलला नाही तर धाकट्याकडं जातो, रेकॉर्डिंगही होतं. तुमचा जुना मोबाईल त्यावर फॉरवर्ड करून ठेवायचा, म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांकडे जो नंबर आहे तोच राहतो. फॉरवर्ड कसं लावायचं ते कंपनीच्या दुकानातून लावून घ्या. कोड डायल करून लावायची सोय १५ एप्रिल २०२४ पासून सरकारनं थांबवायला लावली होती, कारण भामटे लोकांना फोनवरून असले कोड डायल करायला लावून त्यांचे कॉल आपल्याकडं वळवून घेत होते. तीन माणसांच्या आडतीला हे सगळं लागतं का, हा प्रश्न तुमचा तुम्ही ठरवा. सीझनमध्ये सोयाबीनची आवक चालू असताना लागेल, उन्हाळ्यात नाही लागणार.

आणि आता तो ०२४५२. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण असले नंबर मला आवडतात. मधे एकदा पुढं २ लागला तेवढाच काय तो बदल. बाकी आकडे तुमच्या वडिलांनी पाटीवर रंगवले तेच. हा नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही. आपल्याकडं लँडलाईनला पोर्टेबिलिटी नाही. ज्या कंपनीचा नंबर, तिच्याकडेच राहणार. "आम्ही तुमचा एसटीडीवाला नंबर आमच्या ॲपवर आणून देतो, आगाऊ पैसे भरा," असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण तुमचं काम त्याशिवाय होतं. तुमचा प्रश्न तारेचा आहे, कंपनीचा नाही. त्याच कंपनीचं फायबर तुमच्या भागात आलं असेल, तर तांब्याची तार सोडून फायबरवर जा आणि अर्जातच "जुना नंबर कायम ठेवावा" असं लिहून द्या. बीएसएनएल असं करून देतं. फायबरच्या डबीच्या मागं फोनची पिन लावायला जागा असते, तुमचा जुना फोन तिथंच लागतो. गंमत म्हणजे हेच इंटरनेट कॉलिंग आहे. तारेतून आवाजाची वीज जायची ती आता आवाजाचे तुकडे होऊन डेटासारखी जाते. फरक एवढाच, की नंबर परवाना असलेल्या कंपनीच्या घरात आहे. काही कंपन्यांचं ॲप मोबाईलवर टाकून हाच लँडलाईन बाहेरगावीही वाजवता येतो. २०१८ मध्ये सरकारनं इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल करायची वाट परवानाधारकांसाठी मोकळी केली, त्यानंतर बीएसएनएलनं विंग्स नावाची सेवा वर्षाला १०९९ रुपयांत आणलीच होती.

त्याआधीची गोष्ट वेगळी होती. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण संगणकावरून संगणकावर, किंवा परदेशातल्या फोनवर. देशातल्या देशात इंटरनेटवरून फोनला लावायची वाट बंद. स्काईपनंही १० नोव्हेंबर २०१४ ला भारतातल्या भारतात फोनवर कॉल लावणं थांबवलं. आपल्याकडं अजूनही काही जण "इंटरनेटचा फोन बेकायदा असतो" म्हणतात, ते त्या काळचं उरलेलं आहे. बेकायदा आहे ते परवान्याविना कॉल आत-बाहेर करणं. एखादा माणूस येईल, एक यंत्र दुकानात ठेवा म्हणेल, आत बरीच सिम, महिन्याला भाडं देतो म्हणेल. त्याला सिम बॉक्स म्हणतात. परदेशातले कॉल त्यातून लोकल म्हणून सोडतात. पोलीस येतात तेव्हा यंत्र ज्याच्या दुकानात, त्याच्याच दारात येतात.

फायबरवर गेल्यावर एक गोष्ट तुमच्या अंगवळणी पडायला वेळ लागेल. तांब्याच्या तारेतला फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, लाईट गेली तरी वाजायचा. फायबरची डबी तुमच्या विजेवर चालते. लाईट गेली की फोन गेला. लातूरच्या एका दवाखान्यात मी सगळं नवीन बसवून दिलं, मोठ्या ऐटीत, आणि पहिल्याच पावसात दोन तास लाईट गेली तर अपॉइंटमेंटचा फोन मुका. डॉक्टरसाहेब काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी डबीच्या शेजारी छोटा डीसी यूपीएस (डबीला थेट वीज देणारी बॅटरी) लावल्याशिवाय काम पुरं झालं म्हणत नाही. बऱ्याच डब्या १२ व्होल्टच्या असतात. तरी आधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा, मग यूपीएस घ्या.

एक बारीक गोष्ट: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना पुढं ० लागतो. फायबरच्या फोनलाही तेच. नवा फोन बसल्यावर "येणारे येतात, जाणारे जात नाहीत" अशी तक्रार घेऊन मला आजवर कितीतरी जणांनी बोलावलं, आणि मी जाऊन फक्त एक शून्य दाबून दिलं.

आणि हे मोंढ्यात फारसं कुणाला ठाऊक नाही: तोच ०२४५२ चा नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर चालतो. ॲपमध्ये नंबर टाकताना ९१ नंतर आधीचा शून्य सोडून २४५२ आणि पुढचे आकडे टाका. मेसेज येणार नाही, म्हणून "कॉल करा" निवडा. दुकानातला फोन वाजेल, एक बाई आकडे सांगेल, ते टाका. मग शेतकरी पट्टीचे फोटो त्याच नंबरवर मागवू शकतात, जो त्यांच्या वडिलांच्या वहीतही लिहिलेला आहे. दुहेरी पडताळणीचा पिन त्याच वेळी लावून टाका. आणि म्हणूनही हा नंबर मरू देऊ नका. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्याला मिळतो, आणि मग तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप तो उघडू शकतो.

तर या आठवड्यात थोरल्याला फोन करून बिलाची पीडीएफ मागवून घ्या आणि बँकेत तो ओटीपीचा प्रयोग करायला सांगा. फायबरचा अर्ज तुम्ही इकडं द्या. जोडणीवाला आला की तो आधी जुनी तार कापायला बघेल, त्याची सवय आहे. त्याला थांबवा. मोबाईलवरून ०२४५२ ला फोन लावा, नव्या डबीवर वाजला, दोन्हीकडून आवाज नीट आला, की मग त्याला पक्कड काढू द्या.